अल्पवयीनांची दारू पार्टी आणि कायदा: पिणाऱ्यापेक्षा पाजणारा अधिक अडचणीत का येतो?

पुण्या-मुंबईच्या आसपास भाड्याने मिळणाऱ्या एखाद्या फार्महाऊसवर शनिवारी रात्री पार्टी चालू आहे, असे समजा. निमित्त बारावीच्या निकालाचे आहे. जमलेल्यांत १७ वर्षांचा एक मुलगा आहे, १९ वर्षांची एक मुलगी आहे, गाडीच्या डिकीतून बाटल्या घेऊन आलेला २३ वर्षांचा चुलतभाऊ आहे आणि ‘बाहेर कुठेतरी जाऊन पिण्यापेक्षा आपल्या देखरेखीखाली असलेली बरी’ असे म्हणून परवानगी देणारे व बाजूच्या खोलीत बसलेले पन्नाशीचे काका आहेत. मध्यरात्रीनंतर कोणाच्या तरी तक्रारीवरून पोलीस येतात. या चौघांपैकी सर्वांत मोठ्या अडचणीत कोण, असे विचारले तर बहुतेक जण १७ वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवतील. कायद्याचा क्रम जवळजवळ उलटा आहे. सर्वांत कडक शिक्षेची तरतूद पाजणाऱ्यासाठी आहे आणि पिणाऱ्यांपैकी ज्याचे वय सर्वांत कमी, त्याला संरक्षण सर्वांत जास्त आहे. सर्वांत उघड्यावर पडते ती १९ वर्षांची मुलगी, कारण कायद्याच्या दृष्टीने ती पिण्याइतकी मोठी झालेली नाही, पण शिक्षा भोगण्याइतकी मोठी झालेली आहे.

हे असे का, ते समजून घ्यायचे तर आधी वयाचा घोळ सोडवावा लागतो.

१८, २१ आणि २५

दारू हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो, त्यामुळे कोणत्या वयापासून दारू घेता येईल याचे उत्तर देशभर एक नाही. गुजरातमध्ये दारूबंदीच आहे, दिल्लीच्या कायद्याने २५ वर्षे ही मर्यादा ठरवली आहे आणि महाराष्ट्रात बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे व व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे असा दुहेरी हिशेब आहे. म्हणजे आपल्या गोष्टीतला २३ वर्षांचा चुलतभाऊ, जो स्वतःला त्या खोलीतला जबाबदार प्रौढ समजतो आहे, तोही हातातल्या रमच्या ग्लासापुरता कायद्याने लहानच आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे लागू असलेला कायदा १९४९ चा असून त्याच्या नावातच दारूबंदी आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जाई, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. या कायद्यात मूळ नियम बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला केलेला अपवाद आहे. दारू विकत घेण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वैयक्तिक परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव असा मिळतो. ‘परमिट रूम’ हे नाव तिथूनच आले. वाइन शॉपच्या काउंटरवर हा परवाना फारसा कोणी विचारत नाही आणि ग्राहकही मागत नाहीत, त्यामुळे तो केवळ कागदोपत्री सोपस्कार आहे अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु पोलिसांनी छापा टाकला की पहिला प्रश्न याच परवान्याचा निघतो, आणि वय पुरेसे नसलेल्या माणसाला तो मिळूच शकत नाही. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदी असल्यामुळे तेथे हा हिशेब आणखी कडक होतो.

आता १८ या आकड्याकडे वळू. दारूच्या कायद्यात २१ आणि २५ हे आकडे महत्त्वाचे असले, तरी गुन्हा घडल्यावर त्या व्यक्तीशी कसे वागायचे हे ठरवणारा आकडा १८ आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक असते. अठरावा वाढदिवस झाला की त्या कायद्याचे छत्र संपते. त्यानंतर २१ किंवा २५ पर्यंतची जी वर्षे उरतात, त्या काळात पिण्यास मनाई असते आणि मनाई मोडल्यास प्रौढांचे न्यायालय असते. महाविद्यालयात शिकणारी जवळजवळ सगळी मुले याच पट्ट्यात येतात.

ओतणारा हात

बाल न्याय अधिनियमाचे कलम ७७ छोटे आहे, पण पार्टीच्या संदर्भात याहून महत्त्वाचे कलम दुसरे नाही. जो कोणी एखाद्या बालकाला मादक पेय, अमली पदार्थ, मनोविकारकारी पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देईल किंवा द्यायला लावील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद एकच सांगितला आहे: अर्हताप्राप्त डॉक्टरच्या आदेशाने दिले असेल तर.

या वाक्यरचनेत काय नाही, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पैसे घेऊन दिले पाहिजे, अशी अट नाही. दुकानदार किंवा बारमालक असला पाहिजे, असेही म्हटलेले नाही. घरात दिले तर चालेल, आईवडिलांनी दिले तर चालेल, एक घोट दिला तर चालेल, मुलानेच हट्ट धरला होता म्हणून चालेल, यांपैकी कशालाही त्यात जागा नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री सोळा वर्षांच्या मुलाला कौतुकाने अर्धा ग्लास बिअर देणारे वडील आणि मुलांच्या टेबलावर पिचर ठेवणारा वेटर, दोघेही या कलमाच्या शब्दांत सारखेच बसतात. घरोघरीच्या अशा प्रसंगांवर पोलीस सहसा येत नाहीत हे खरे, पण त्याचे कारण प्रकरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही हे आहे. कायद्याने मुभा दिली आहे हे नाही. त्या रात्री काही विपरीत घडले आणि चौकशी सुरू झाली, की तोच अर्धा ग्लास कागदावर येतो.

‘द्यायला लावील’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. काकांनी स्वतःच्या हाताने एकही पेग भरला नसेल, पण बाटल्यांसाठी पैसे दिले असतील किंवा पुतण्याला ‘पोरांसाठी पण घेऊन ये’ असे सांगितले असेल, तर आपण फक्त शेजारच्या खोलीत बसलो होतो हा बचाव दुबळा पडतो. याच कायद्याचे कलम ७५ हे बालकाचा प्रत्यक्ष ताबा किंवा जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याची हेळसांड केली, त्याला शारीरिक वा मानसिक त्रास होईल अशा स्थितीत ठेवले किंवा ठेवू दिले, तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते. आईवडील आणि पार्टीची जबाबदारी घेतलेले नातेवाईक यांना ते कलम लागू शकते. शिवाय दारू आणून देण्यासाठी किंवा पोहोचवण्यासाठी मुलांचाच वापर केला, तर कलम ७८ आहे आणि त्याची शिक्षाही सात वर्षांपर्यंत जाते. ‘जा रे, कोपऱ्यावरून चार बिअर घेऊन ये’ असे चौदा वर्षांच्या मुलाला सांगणारे बरेच जण या कलमाचे नावही ऐकलेले नसतात.

इथे कायद्याची एक विसंगती नोंदवली पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने बाल न्याय अधिनियमातील तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे अजामीनपात्र ठेवले, पण अदखलपात्र केले. म्हणजे केवळ कलम ७७ खाली पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू करता येत नाही. मुलांना दारू पाजण्यासारखा गुन्हा गंभीर मानायचा आणि त्याच वेळी पोलिसांचे हात बांधायचे, हा निर्णय मला पटलेला नाही, आणि त्या दुरुस्तीवर बालहक्क क्षेत्रातूनही बरीच टीका झाली. तथापि व्यवहारात पाजणाऱ्याला यातून फार मोठा दिलासा मिळेल असे नाही, कारण त्याच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र म्हणून तपासता येते, आणि पार्टीच्या रात्री सहसा एकच कलम लागत नाही.

२३ वर्षांच्या चुलतभावाच्या मागे बाल न्याय अधिनियमाबरोबर दारूबंदी कायदाही लागतो. स्वतःचे वय २५ नसताना कडक मद्य घेणे आणि बाळगणे हा एक भाग झाला. त्याच्याकडे परवाना असता, तरीही परवानाधारकाने आपल्याजवळच्या साठ्यातील दारू परवाना नसलेल्या माणसाला पिऊ देऊ नये, असे तो कायदा सांगतो. परवाना हा त्या व्यक्तीपुरता असतो, तिच्या मित्रमंडळासाठी नसतो.

दुकान, परमिट रूम आणि पब यांची जबाबदारी वेगळी आहे, कारण त्यांच्याकडे परवाना आहे आणि गमावण्यासारखेही पुष्कळ आहे. वयाची खात्री न करता दारू दिली तर फौजदारी कारवाईबरोबर परवाना निलंबित किंवा कायमचा रद्द होऊ शकतो, आणि ‘मुलगा मोठा दिसत होता’ हे उत्तर ओळखपत्र मागण्याची संधी असलेल्या व्यावसायिकाच्या तोंडी फारसे शोभत नाही. बिल, ऑनलाइन पेमेंट आणि सीसीटीव्ही चित्रण हे त्याच्याच जागेत त्याच्याच विरुद्ध तयार होत असलेले पुरावे असतात.

१७ वर्षांच्या मुलाचे काय होते

पोलिसांनी या मुलाला गाडीत बसवून ठाण्याच्या कोठडीत टाकले, तर चूक पोलिसांची ठरेल. बालकाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेताच विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावे लागते, आईवडिलांना कळवावे लागते, बेड्या घालता येत नाहीत आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार तर अतिगंभीर गुन्हा किंवा मोठ्यांच्या सोबतीने केलेला गुन्हा सोडून इतर वेळी बालकाविरुद्ध नेहमीचा एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची आणि मुलाच्या कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, अशी पद्धत सांगितली आहे.

बाल न्याय मंडळ हे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते अशा तिघांचे असते व दोघा कार्यकर्त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. तेथे मुलाला ‘आरोपी’ न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर असे वर्ग केलेले आहेत. ज्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे तो किरकोळ, आणि केवळ दारू पिण्याचे प्रकरण साधारणपणे त्यातच बसते. अशा प्रकरणात चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांची मुदत वाढवून, पूर्ण व्हावी लागते. तेवढ्यात झाली नाही तर ती आपोआप संपुष्टात येते.

जामिनाचा नियमही मोठ्यांच्या उलट आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, बालकाला सोडणे हाच नियम असून सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, नैतिक वा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे वाटण्याला सबळ कारण असेल तरच मंडळ नकार देऊ शकते. चौकशीअंती मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाला बसवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते, पालकांना दंड भरायला सांगू शकते किंवा परिविक्षेवर (प्रोबेशनवर) देखरेखीत ठेवू शकते. विशेष गृहात पाठवण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण पार्टीत बिअर प्यायलेल्या मुलासाठी तो वापरला जाणे संभवत नाही.

या सगळ्याहून पालकांना ज्याची धास्ती असते ती म्हणजे नोंद. ‘आता पासपोर्ट कसा मिळणार, सरकारी नोकरी कशी लागणार’ असा विचार पहाटे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक बापाच्या मनात येतो. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. बालकाविरुद्ध निर्णय झाला तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर किंवा वाजवी काळानंतर संबंधित अभिलेख नष्ट करायचे असतात आणि प्रकरण निकाली निघाले असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी त्याची माहिती देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. छाप्याचे चित्रण करून व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता शेजारी बसलेल्या १९ वर्षांच्या मुलीकडे पाहू. तिने कदाचित त्या मुलाच्या निम्मीच बिअर घेतली असेल. तरीही तिच्यावर दारूबंदी कायद्याखाली, विनापरवाना सेवनासाठी, नियमित गुन्हा नोंद होऊ शकतो; तिचे नाव एफआयआरमध्ये येते, आरोपपत्र दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दाखल होते आणि कमाल शिक्षेत कैदेचाही समावेश असतो. पहिल्या वेळी प्रत्यक्षात प्रकरण बहुधा दंडावर भागते. परंतु दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करून दोषी ठरणे आहे, ही गोष्ट तारखा टाळण्याच्या घाईत तिला कोणी समजावून सांगत नाही. पुढे नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ हा रकाना आला की तिला ते लिहावे लागते, आणि लपवले तर लपवण्याचाच दोष गुन्ह्यापेक्षा मोठा होऊन बसतो. म्हणून या वयाच्या मुलामुलींनी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज, अटक करता येत नाही, हेही तिला ठाऊक असावे.

सेवन सिद्ध कसे करतात? तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, एवढे पंचनाम्यात लिहून भागत नाही, म्हणून वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचा नमुना घेतला जातो. दारूबंदी कायद्यानुसार रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळले, तर आपण औषध किंवा तत्सम काही घेतले होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. वाहन चालवण्याच्या बाबतीत मर्यादा याहून कमी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे. पार्टीत नुसते बसायचे प्रमाण वेगळे आणि चावी हातात घेतल्यावरचे प्रमाण वेगळे, असे हे दोन निरनिराळे कायदे आहेत.

ज्याने थेंबही घेतला नाही त्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. आपली जागा नफ्यासाठी दारू पिण्याकरिता वापरू देणे, मग तो नफा प्रवेश शुल्कातून येवो वा सोयीसुविधांच्या भाड्यातून, याला कायदा सार्वजनिक मद्यपानगृह म्हणतो. अशा ठिकाणी पिणे चालू असताना जो सापडेल तो पिण्यासाठीच आला होता, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. चार मित्रांनी काँट्री काढून घरी बसणे आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात करून माणशी हजार रुपये ‘एंट्री’ घेणे यांतला फरक इथे निर्णायक ठरतो. दुसऱ्या प्रकारात नुसते नाचायला गेलेल्यालाही आपण निर्दोष असल्याचे दाखवण्याची धडपड करावी लागते. त्याच्यासाठी रक्ततपासणीचा नकारात्मक अहवाल हा सर्वांत चांगला साक्षीदार असतो.

गाडीची चावी

आतापर्यंतचे सगळे परिणाम भिंतींच्या आतले होते. पार्टीनंतर गाडी सुरू झाली की प्रकरणाचे स्वरूपच पालटते, आणि महाराष्ट्राला हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पाहायला मिळाले. १७ वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून येऊन पुण्यात नोकरी करणारे एक तरुण व एक तरुणी मृत्युमुखी पडले. बारावीचा निकाल साजरा करण्यासाठी तो मित्रांबरोबर पबमध्ये गेला होता आणि तेथे त्यांना दारू देण्यात आली, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि त्यावरून देशभर संतापाची लाट उसळली.

त्या संतापात मागे पडलेला तपशील पार्टीच्या कायद्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. मुलाला दारू दिल्याबद्दल पबशी संबंधित मालक व व्यवस्थापकांवर, आणि परवाना नसलेल्या मुलाला गाडी दिल्याबद्दल वडिलांवर, बाल न्याय अधिनियमाची कलमे ७५ व ७७ लावून अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना आणि पुढे मुलाच्या आईलाही अटक झाली. म्हणजे सुरुवातीच्या काही दिवसांत सज्ञान माणसेच गजाआड जात होती. मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्याचा मंडळाचा नंतरचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी बेकायदेशीर ठरवून त्याला सोडण्यास सांगितले, कारण जामिनावर असलेल्या बालकाला पुन्हा अडकवून ठेवण्याचा आधार कायद्यात नव्हता. त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. सोळा ते अठरा या वयातील मुलावर तसा खटला चालवण्यासाठी गुन्हा अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा असावा लागतो. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही, आणि असे गुन्हे अतिगंभीर या वर्गात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते. निकाल लोकांना रुचो वा न रुचो, तो कायद्याच्या अक्षराला धरून होता, असे माझे मत आहे.

मोटार वाहन अधिनियमाचे २०१९ मध्ये आलेले कलम १९९ अ प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते, आणि चावी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असेल तर ‘पुरेशी काळजी’ सिद्ध करणे कठीण जाते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या सज्ञानाला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा याच्या तुलनेत सौम्य वाटते. मृत्यू किंवा दुखापत झाली तर भरपाईचा दावा वेगळा चालतो. विमा कंपनीने जखमींना पैसे दिले, तरी चालकाकडे परवाना नव्हता म्हणून ती रक्कम पुढे वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण तिला देऊ शकते.

नशा हा बचाव नाही

‘शुद्धीत नव्हतो’ हे वाक्य मारामारीनंतर, तोडफोडीनंतर आणि त्याहून वाईट घटनांनंतर हमखास ऐकू येते. भारतीय न्याय संहितेनुसार नशा हा बचाव केवळ तेव्हाच मिळतो, जेव्हा ती व्यक्तीच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध चढवली गेली असेल आणि त्यामुळे आपण काय करतो आहोत हेच तिला कळत नसेल. स्वतःच्या हाताने ग्लास उचलणाऱ्याला तो नाही. याउलट समोरच्या व्यक्तीची नशा मात्र गुन्हा अधिक ठळक करते. दारूच्या अमलाखाली असल्यामुळे जी मुलगी आपण कशाला होकार देतो आहोत हे समजण्याच्या स्थितीत नाही, तिची संमती ही संमतीच नव्हे. ती १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्यापुढे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि अशी घटना कळूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्यात गुन्हा आहे. पार्टीचे यजमान, फार्महाऊसचा व्यवस्थापक, सोबतचे मित्र, सर्वांनाच ही जबाबदारी लागू होते. तिचे त्या अवस्थेतील चित्रण करणे आणि पुढे पाठवणे यासाठी आणखी स्वतंत्र कलमे आहेत.

राहिला एक प्रसंग, ज्यात कायद्याची भीती जिवावर बेतू शकते. एखादा मुलगा अतिरिक्त दारूने बेशुद्ध पडतो, त्याला उलट्या होतात, श्वास मंदावतो, आणि आजूबाजूचे सगळे ‘आता पोलीस केस होईल’ या धास्तीने त्याला कुशीवर वळवून झोपू देतात. भारतात अशा वेळी मदत मागणाऱ्याला दारूच्या गुन्ह्यातून माफी देणारी खास तरतूद नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण हिशेब केला तर दवाखान्यात नेण्याचीच बाजू जड भरते. पिण्याचे प्रकरण त्या मुलासाठी समज आणि समुपदेशनावर मिटण्यासारखे असते. तो दगावला तर मात्र दारू देणाऱ्यांवर आणि मदत न मागणाऱ्यांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप येऊ शकतो, ज्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तातडीच्या रुग्णाला प्रथम उपचार द्यायचे आणि पोलिसी सोपस्कार नंतर करायचे, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सरकारी व खासगी अशा सर्व डॉक्टरांवर घातले आहे. १०८ वर फोन केल्यावर रुग्णवाहिका येते, रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. त्या जबाबात किती प्यायला, केव्हापासून प्यायला आणि आणखी काही घेतले होते का, हे खरे सांगावे, कारण त्याच माहितीवर डॉक्टर उपचार ठरवत असतात.